खांदा वर होता

"मामलेदार, खांदा उचल. उचल म्हणते ना."

मामलेदार ही म्हैस होती. दावणीत आडवी पडली होती आणि उठायचं मनावर घेत नव्हती. केशरनं डोक्यावरचा उसाच्या वाढ्याचा भारा खाली टाकला, म्हशीच्या मानेखाली हात घातला आणि पुन्हा म्हणाली, "खांदा उचल. सगळी छावणी बघतीय."

तेवढ्यात पाठीमागं कुणीतरी जमिनीवर तळहात आपटला.

"एक..."

केशर थबकली.

"दोन..."

"तीन म्हटलं तर याद राखा," ती मागं न बघता म्हणाली.

"तीन तर पंधरा वर्षांमागंच झालेत," मागचा आवाज म्हणाला. "तुमच्या वाडीला मान्य न्हाई, इतकंच."

आता मात्र ती वळली. दोन दावणींच्या मध्ये एक सुंभाची दोरी बांधलेली होती. दोरीच्या पलीकडं एक पोरगा गुडघ्यावर बसला होता. तळहाताला धूळ, केसांत कडब्याची काडी. तोंड अगदी गंभीर, पण डोळे... डोळे गंभीर राहायला तयार नव्हते.

"तुमी खालच्या माळेवाडीचे," केशर म्हणाली. एखाद्याला त्याचा आजार सांगावा तशी.

"बन्सी. भिवराबाईचा."

"म्हंजी छत्रीवाल्यांचे."

"आन तुमी टीव्हीवाल्यांच्या."

दोघं एकमेकांकडं बघत राहिले. आपल्याकडं आता कुणाचं लक्ष नाही हे ध्यानात येऊन म्हैस आपली आपण उठली.

छत्री आणि टीव्हीचा हा मामला नीट कळायचा तर थोडं मागं जावं लागेल, आणि मागं जायचा केशरला कधीच कंटाळा नसे.

उमापूरच्या अलीकडं, जेव्हा माळेवाडी एकच होती, तेव्हा तिथं एकच दूध संस्था होती. शहाण्णव साली संस्थेनं ठराव करून एक रंगीत टीव्ही आणि गच्चीवर लावायची भली मोठी छत्री घेतली. ठरावात लिहिलं होतं, 'सभासदांच्या ज्ञानवृद्धीसाठी'. सभासदांचं ज्ञान दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता वाढायचं. त्या वेळी परदेशातल्या फ्रीस्टाइल कुस्त्या लागायच्या.

बोलणारा इंग्रजीत बोलायचा आणि माळेवाडीत इंग्रजी कुणालाच येत नव्हतं, त्यामुळं काही अडलं नाही. पैलवानांची नावं गावानंच ठेवली. एक जण जिंकला तरी रडायचा, तो रडका. दोन भाऊ जोडीनं उतरायचे आणि अर्ध्या कुस्तीत एकमेकांनाच धरायचे, ते भाऊबंद. त्यांची समजूत घालायला मध्ये पडणारा तिसरा माणूस मार खायचा, हे सगळ्यांना घरच्यासारखं वाटे. एक जण हरायला लागला की चड्डीतून पांढरी पूड काढून समोरच्याच्या डोळ्यांत फेकायचा. ती दुधाची भुकटी आहे याबद्दल दूध संस्थेत कुणालाच शंका नव्हती. अशी नासाडी बघवेना म्हणून संस्थेनं निषेधाचा ठराव केला, सूचक-अनुमोदक घालून तालुक्याला पाठवला. उत्तर आलं नाही. पण पुढच्या रविवारी त्या माणसानं भुकटी फेकली नाही, त्यामुळं ठराव लागू पडला असं सगळ्यांनी धरलं.

आणि मग होते ते दोघे. टोपडं आणि मामलेदार.

टोपडं म्हणजे अंगानं बारका, वीज भरल्यासारखा, आणि तोंडावर लहान लेकराच्या टोपड्यासारखा मुखवटा, हनुवटीखाली बंद बांधलेला. मामलेदार म्हणजे टकला, पांढऱ्या विजारीतला, मागं चार माणसं घेऊन येणारा. कुणाशी बोलायचा नाही. कुस्ती निम्मी झाली की मनगटावरच्या घड्याळात बघायचा. नऊ वर्षांची केशर दुधाच्या उपड्या कॅनवर पहिल्या रांगेत बसायची आणि मामलेदारानं घड्याळात बघितलं की तीही आपल्या मोकळ्या मनगटाकडं बघायची.

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात एका रविवारी दोघांची गाठ पडली. टोपडं दोरावर चढलं, तिथून उडालं, मामलेदाराच्या छातीवर येऊन पडलं. पंच तळहात आपटून मोजायला लागला; तीन व्हायच्या आत खालच्यानं खांदा वर उचलला नाही तर तो हरला. एक. दोन. आणि—

लाइट गेली.

तासाभरानं आली तेव्हा पडद्यावर सुया-दोऱ्याची जाहिरात होती. निम्म्या गावानं मामलेदाराचा खांदा वर उचललेला बघितला होता. निम्म्या गावानं तीन ऐकले होते. पंच चुकला की नाही यावर आधी वाद झाला, मग बैठक झाली, मग विशेष सर्वसाधारण सभा झाली, आणि दिवाळीपर्यंत ओढ्याच्या अलीकडं-पलीकडं दोन संस्था झाल्या. वरच्या माळेवाडीच्या वाट्याला टीव्ही आला. खालच्या माळेवाडीच्या वाट्याला छत्री आली. टीव्हीत काही दिसत नसे. छत्रीत भिवराबाई उन्हाळ्यात कुरडया वाळवायची. रिमोट कुणाकडं गेला यावर आजही दोन मतं आहेत.

वरच्या संस्थेचे सचिव म्हणजे केशरचे आप्पा, आश्रुबा. त्यांनी मोत्यासारख्या अक्षरात पहिल्याच सभेचं कार्यवृत्त लिहिलं. त्यातला ठराव क्रमांक सात असा : 'खालच्या माळेवाडीशी सोयरीक, उसनवारी व बैलांची सावड (आपसांत देवघेव) करू नये. सर्वानुमते मंजूर.'

पंधरा वर्षं तो पाळला गेला. मग तेराचा दुष्काळ आला. ओढा आटला, विहिरी आटल्या, आणि उमापूरच्या माळावर एका सहकारी संस्थेनं चारा छावणी उघडली. छावणीवाल्यांना ठराव क्रमांक सात माहीत नव्हता. ज्या क्रमानं जनावरं आली त्या क्रमानं त्यांनी कानात बिल्ले मारले. केशरच्या दोन म्हशींना दोनशे दहा आणि अकरा नंबर मिळाला. बन्सीच्या बैलांना दोनशे बारा आणि तेरा.

मध्ये फक्त दोरी होती.

*

"तुमच्या बैलांची नावं काय?" दुसऱ्या दिवशी केशरनं विचारलं. बोलायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. पण त्या दिवशी पेंड वाटपाची रांग लांब होती.

"ह्यो टोपडं. त्यो रडका."

"रडका कावून?"

"पेंड खातो आन डोळ्यातून पाणी काढतो. बघा की."

बैल खरंच रडत होता. केशरला हसू आलं. ते तिनं पदरात लपवलं, पण बन्सीनं बघितलं... आणि बघितल्याचं लपवलं नाही.

मग रोज काही ना काही निघू लागलं. भाऊबंदांतला थोरला कोण? अमुक रविवारी पंचाची पँट फाटली होती ती मागून की बाजूनं? बन्सीला वार आठवायचे, केशरला कपड्यांचे रंग. तो एखादी कुस्ती सांगायला लागायचा, ती मध्येच "न्हाई, आधी कोपरानं हाणलं" म्हणायची. दोघांचं मिळून एक पुरं व्हायचं. पंधरा वर्षं टीव्ही एकीकडं आणि छत्री दुसरीकडं पडली होती. आता कुठं चित्र दिसायला लागलं होतं.

छावणीत पाऊस एकच होता, टँकरचा. दुपारी टँकर यायचा आणि त्याच्या नळीच्या सांध्यातून बारीक तुषार उडायचे. पाण्याला जाताना केशर त्या तुषारांच्या बाजूनं जायची. काही दिवसांनी बन्सीही त्याच बाजूनं जायला लागला. एकदा वाऱ्यानं तुषार फिरले आणि दोघंही भिजले. केशरच्या पापणीवर एक थेंब राहिला. तो पुसावा की राहू द्यावा हे तिला कळेना. बन्सी त्या थेंबाकडं असा बघत होता की तिनं तो राहू दिला.

"एक इचारू?" तो म्हणाला.

"इचारा."

"लोक म्हणत्यात ती कुस्ती खोटी असती. आधीच ठरल्याली."

केशरचा चेहरा उतरला. या एका वाक्यापायी तिनं तीन स्थळं मोडली होती. पहिला मुलगा पतसंस्थेत कारकून होता. बघायला आला, छंद विचारला, तिनं सांगितला, आणि तो हसत म्हणाला, ते सगळं आधीच ठरलेलं असतं. ती म्हणाली, "तुमच्या पतसंस्थेतली भरती आधी ठरल्याली नव्हती का?" मुलाकडची मंडळी चहा अर्धा टाकून उठली. दुसऱ्याला तिनं चेअरमनच्या बिनविरोध निवडणुकीबद्दल विचारलं होतं. तिसरा स्वतःच चेअरमनचा मुलगा होता.

आता हाही तसलाच निघाला तर काय, याची तिला भीती वाटली. तिसऱ्या स्थळाच्या वेळी तसली भीती वाटली नव्हती, हेही तिच्या ध्यानात आलं.

"तुमाला काय वाटतं?" तिनं विचारलं.

बन्सीनं उजव्या हाताची बाही वर सारली. कोपरावर लांब, वेडीवाकडी खूण होती. "गोठ्याच्या पत्र्यावर चढलतो. टोपड्यावानी उडी घेतली. खाली कडबा व्हता... म्हंजी आदल्या दिशीपतोर व्हता." त्यानं खूण खाली-वर दाखवली. "ठरल्यालं असंल. पर पडतो ते खरंच पडतो."

केशरनं बोट पुढं केलं आणि त्या खुणेच्या अगदी वर, हातभर नव्हे, बोटभर अंतरावर आणून थांबवलं. मग घागर उचलून ती चालायला लागली, आणि सबंध वाटभर ती घागर डचमळत राहिली.

*

मेच्या शेवटी बन्सी गेवराईला जाऊन आला आणि दोरीशी येऊन उभा राहिला. हातात मोबाइल होता.

"मेमरी कार्ड भरून आणलंय," तो हळू म्हणाला. "जुन्या कुस्त्या. दुकानदाराला तोंडानं सांगून सांगून घावली. टोपडं न मामलेदार."

केशरच्या हातातलं वाढं खाली पडलं. "तीच?"

"तीच. दोनपतोर बघितली. फुडं... एकट्यानं बघवना."

भर दुपार होती. माणसं हिरव्या जाळीखाली लवंडली होती. केशरची आई छबुबाई म्हशीची गोचिडं काढत होती. छबुबाईला कुस्तीचं कधीच काही नव्हतं. तिला धार वेळेवर काढलेली आवडायची, बाकी जगाशी तिचं फारसं भांडण नव्हतं. केशर तिच्याकडं पाठ करून दोरीशी बसली. बन्सी पलीकडून बसला. इयरफोनचं एक बोंडूक तिच्या कानात, एक त्याच्या.

"थांबा," ती म्हणाली. "तुमचं खरं निघालं तर?"

"तर तुमी खालच्या वाडीत येऊन सांगायचं."

"आन आमचं निघालं तर?"

"तर मी न्यायला येईन... मग सांगायचं."

"म्हंजी दोन्हीकडून मीच खालच्या वाडीत."

"माझा हिशेब कच्चाच हाय पहिल्यापासून," बन्सी म्हणाला आणि त्यानं बटण दाबलं.

टोपडं दोरावर चढलं. उडालं. पडलं. केशरची बोटं नकळत दोरीवर गेली, तिथं आधीच त्याची होती. एक. दोन. मामलेदाराचा खांदा वर उचलला गेला, स्वच्छ, चार बोटं. आणि पंचाचा हात त्याच वेळी खाली आला. तीन.

त्यांनी पुन्हा बघितलं. सात वेळा बघितलं. खांदा वर होता. तीनही झाले होते.

"दोघांचं बी खरं हाय," बन्सी म्हणाला. त्याचा चेहरा उजळला. "सगळ्यांना दाखवू. भांडनच मिटंल."

"येडे का काय," केशर म्हणाली. "पंधरा वर्षं ज्यांच्याशी सावड मोडली त्यांचं बी खरंच व्हतं, असं कुनाला ऐकायचं असतं? दोन्ही वाड्या मिळून आपल्याला हाणतील."

"मग?"

"मग काय. आपल्या दोघात ऱ्हाऊ द्या."

'आपल्या दोघात' हे शब्द दोरीवर जाऊन बसले आणि दोघंही त्यांच्याकडं बघत राहिले.

"केशर," बन्सी म्हणाला. पहिल्यांदाच नाव घेतलं त्यानं. "मला तुला न्यायचंय. निकाल काय बी असू दे."

तिनं कानातलं बोंडूक काढलं, पुसलं, त्याच्या हातावर ठेवलं. "कवा इचारतोस म्हणून मी दीड महिना बिल्ले मोजतीय," ती म्हणाली. 'तुमी' कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही.

*

"ठराव क्रमांक सात," आप्पा म्हणाले.

आश्रुबा वाईट माणूस नव्हते. त्यांनी पोरीचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. बन्सीला शेती किती, शिक्षण किती, हे काही विचारलं नाही. फक्त उशाखालचं कार्यवृत्ताचं पुस्तक काढलं. छावणीतही ते त्यांच्या सोबतच होतं.

"आप्पा, एका कुस्तीपायी?"

"कुस्तीपायी न्हाई. ठरावापायी. पोरगा चांगला असंल. पर माझ्याच अक्षरात माझीच सही हाय खाली. त्यो ठराव हाय तवर माझा इलाज न्हाई."

बन्सी म्हणाला, "पळून जाऊ."

केशरनं त्याच्याकडं बघितलं. "रिंगणाबाहेर गेलं की काय करत्यात?"

"...दहा मोजत्यात."

"आन?"

"बाद."

"मी बाद व्हायची न्हाई. जे व्हायचं ते आत, सगळ्यांसमोर."

तीस जूनला छावणी बंद व्हायचा हुकूम लागला होता. जनावरं परतली की दोन वाड्या पुन्हा ओढ्याच्या दोन बाजूंना, आणि वरच्या संस्थेची सभा तर सात वर्षं झाली नव्हती, कारण संस्थेत दूधच येत नव्हतं. पण आत्ता, या माळावर, वरच्या वाडीचे सगळे सभासद एका हाकेवर होते. केशरही सभासद होती. महिला राखीव जागा भरायच्या म्हणून आप्पांनी आधी छबुबाईला आणि अठरा पूर्ण झाल्यावर केशरला सभासद करून टाकलं होतं.

तिनं वहीचं पान फाडलं आणि अर्ज लिहिला : 'विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी. विषय : ठराव क्रमांक सात रद्द करणे.' लेखी अर्जाला नाही म्हणणं आश्रुबांना आयुष्यात जमलं नव्हतं. त्यांनी नोटीस काढली. चौदा दिवसांनी, तेवीस जून, सकाळी दहा, टँकरच्या टाकीजवळ. आणि सवयीनं खाली नेहमीची ओळ लिहिली : 'गणपूर्ती न झाल्यास सभा अर्धा तास तहकूब करून त्याच ठिकाणी पुन्हा घेण्यात येईल. त्या सभेस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही.'

ती ओळ केशरनं तीनदा वाचली. महाराष्ट्रात ती ओळ प्रत्येक नोटिशीत असते आणि कुणीच वाचत नाही.

"वाडी सभेला बसली तर ठराव पडंल," ती बन्सीला म्हणाली. "चाळीस विरुद्ध दोन. मी न माझी मैतरीण भामा. ती अनुमोदन देते म्हणलीय."

"मग कसं?"

"आमची मानसं लई मानी हायत. विषय वाचला की बहिष्कार टाकतील. टाकू देत."

तसंच झालं. तेवीस तारखेला दहा वाजता टाकीजवळ आप्पा पुस्तक मांडीवर घेऊन बसले, शेजारी केशर. वरच्या वाडीचे चाळीस सभासद दहा पावलांवर, सभेकडं पाठ करून, हाताची घडी घालून उभे. दावणीपासून टाकीपर्यंत आलेल्या दोरीपलीकडं खालची वाडी जमलेली. भिवराबाई सगळ्यांत पुढं; तीन झाले होते, आणि गरज पडली तर ती पुन्हा मोजून दाखवणार होती.

"गणपूर्ती न्हाई," आप्पा म्हणाले. "सभा अर्धा तास तहकूब."

पाठ फिरवलेल्या चाळीस माणसांना ते ऐकून मोठं समाधान वाटलेलं दिसलं.

तो अर्धा तास केशरला जन्मभर आठवणार होता. आता कुणीही वळून येऊन बसलं असतं तरी खेळ संपला असता. ऊन चढत होतं. भामा दिसत नव्हती. दहा मिनिटांनी निरोप आला, भामाला तिच्या सासऱ्यानं सकाळीच तलवाड्याला धाडून दिलं होतं. अनुमोदक नाही.

पंधराव्या मिनिटाला आप्पांची बोटं नोटिशीच्या शेवटच्या ओळीवर थांबली. त्यांनी ती वाचली. मग हळूच पोरीकडं बघितलं. पोटनियम त्यांना पाठ होते. पोरीनं काय मांडलंय ते त्यांना आता कळलं होतं. एक हाक मारली असती तर चाळीस माणसं येऊन बसली असती.

आप्पांनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्यानं पुसला. पुन्हा घातला. पुन्हा काढला. तो चष्मा त्यांनी पंधरा मिनिटं पुसला.

"वेळ झाली," मग ते म्हणाले. "तहकूब सभा सुरू. विषय पहिला. सूचक?"

"केशर आश्रुबा." ती सरळ उभी राहिली.

"अनुमोदक?"

दोरीपलीकडं बन्सीनं हात वर केला.

"तुमी या संस्थेचे सभासद न्हाई," आप्पा म्हणाले. बन्सीनं हात खाली घेतला, पण अर्धाच.

"अनुमोदक न्हाई, तर ठराव—"

"मी हाय."

छबुबाई दावणीतून आली. हातात दुधाची चरवी, पदर खोचलेला. सात वर्षांत नव्हे, सभासद झाल्यापासून ती पहिल्यांदाच सभेला आली होती. तिनं चरवी खाली ठेवली.

"माझं अनुमोदन लिवा," ती म्हणाली. "आन त्या दिशी लाइट गेली नव्हती, ते बी लिवा. मी घालवलती."

आप्पांचं पेन थांबलं.

"पाच वाजून गेले व्हते. धारंची वेळ. म्हशी रेकून रेकून दाव्याला हिसके देत व्हत्या, आन सगळी वाडी आत. बाया बी. मी संस्थेच्या भिंतीवरला फ्यूज उपसला. धारा झाल्यावर परत बसवला." तिनं कपाळावरचा घाम पुसला. "पंधरा वर्षं खांदा का तीन, खांदा का तीन. लाइट कशानं गेली ते एकानं बी इचारलं न्हाई."

दहा पावलांवरच्या चाळीस पाठी एकदम वळल्या. दोरीपलीकडची माणसंही तिकडंच बघत होती. पंधरा वर्षांत पहिल्यांदा दोन्ही माळेवाड्या एकाच बाजूला बघत होत्या.

मग वरच्या वाडीला जाग आली. दोघं-चौघं धावत आले, आमाला बोलायचंय म्हणाले. आप्पांनी हात वर केला.

"गैरहजर सभासदांना बोलता येत न्हाई," ते म्हणाले. "तुमीच गैरहजर ऱ्हायलात." आणि ते बायकोकडं वळले. "फ्यूजचं कार्यवृत्तात घ्यायचं का?"

"घ्या. सुवाच्य घ्या."

आप्पा लिहीत राहिले. मोत्यासारखं अक्षर त्या दिवशी जरा हललं. ठराव क्रमांक सात रद्द. सूचक, केशर आश्रुबा. अनुमोदक, छबुबाई आश्रुबा. सर्वानुमते मंजूर.

भिवराबाई दोरीशी येऊन छबुबाईला म्हणाली, "तीन झालते, बाई. फ्यूज काढायच्या आधी झालते."

"झाले असतील," छबुबाई म्हणाली. "दूध तापवायला तुमच्याकडं सरपन हाय का?"

पंधरा वर्षांनी कुणीतरी उसनं मागत होतं. भिवराबाई सरपण आणायला गेली.

गलका वाढत गेला. केशर त्यातून बाहेर निघाली आणि आपल्या दावणीत आली. मामलेदार पुन्हा आडवी पडली होती. केशरनं तिच्या मानेखाली हात घातला आणि मग तसाच राहू दिला. ती म्हशीला टेकून मातीतच बसली.

दोरीपलीकडून कुणीतरी जमिनीवर तळहात आपटला.

"एक..."

तिनं मान वर केली नाही. ओठ मात्र हलले.

"दोन..."

मग काहीच नाही. त्याचा हात हवेत तसाच थांबलेला तिला तिरप्या नजरेनं दिसत होता. तळहाताला धूळ, कोपरावर खूण. तो तिच्याकडं बघत होता आणि पुढचं मोजायला तयार नव्हता.

केशरनं दोरीखालून हात घातला, त्याचं मनगट धरलं, आणि हळूच खाली, मातीवर टेकवलं.

"तीन," ती म्हणाली. "पर खांदा वर होता."